सरावाचा कंदील

आमचं घर म्हणजे कासार आंबोलीतल्या भातगिरणीच्या पाठीमागची एक खोली. भिंत एकच. तिच्या अलीकडे आमची चूल आणि पलीकडे गिरणीचं इंजिन. सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, इंजिनाचं चाक हातानं फिरवायचे. दोन-चार उचक्या देऊन त्यानं एकदा लय धरली की आमच्या फळीवरची पितळी भांडी बारीक आवाजात वाजायला लागायची. गिरणीत बोलायचं तर ओरडावंच लागे, त्यामुळे अण्णा घरातही ओरडूनच बोलत. त्यांचं "मीठ कमी हाय" पौड रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाई. आई म्हणायची, "आनी दवंडी पिटा गावात, शालनच्या आयला सैपाक येत न्हाई म्हनून." यावर अण्णा हसत, आणि तेही मोठ्यानंच.

भात भरडून झालं की अख्खा तांदूळ ज्याच्या त्याच्या पोत्यात जाई. चाळणीखाली उरलेल्या कण्या मालक गड्यांना देत. त्यामुळे आम्ही वर्षभर आंबेमोहोर खाल्ला, पण तुकड्यांचा. आई कण्या मऊ शिजवून वर कांद्याची फोडणी घालायची आणि सोबत भाजलेली सुकट. तुसाच्या शेगडीला धूर फार, डोळे चुरचुरायचे, पण भाताला वाफ आली की त्या धुरातूनही मोहोराचा वास वर यायचा. आज माझ्या स्वयंपाकघरात चांगला लांब दाण्याचा तांदूळ असतो. त्याला वास नाही असं मी म्हटलं की मुलं म्हणतात, आई, तुझं नाकच म्हातारं झालंय. असेलही.

खोली मालकांची होती. गिरणी तर त्यांचीच. भाडं ते घेत नसत आणि ती गोष्ट कधी बोलूनही दाखवत नसत. वडीलधारे, शांत बोलणारे गृहस्थ होते. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले तेव्हा त्यांनी मला पेन दिलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते ऐकून कुणी त्यांना दुष्ट समजू नये.

कॉलेज पुण्याला. सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं यायचं. आमच्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच. वर्गात मी मागच्या बाकावर बसे, कारण तोंड उघडलं की "हाय" आणि "न्हाई" बाहेर पडेल अशी भीती. माझ्या शेजारी जमिला बसे. पौडच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं पान-विडीचं दुकान होतं, आणि तिच्याही घरातून कॉलेजला आलेली तीच पहिली. फरक एवढाच की ती भीत नसे. प्राध्यापकांना ती भर वर्गात म्हणायची, "सर, जरा हळू सांगा की, लिहून घ्यायचंय." पोरं हसायची. ती लिहून घ्यायची.

कॉलेजात एक समाजसेवेचं पथक होतं. ते चालवणारे सर एकदा वर्गात आले आणि म्हणाले, ज्यांची गावं मुळशी भागात आहेत त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत एक काम आहे. डोंगरातल्या आणि धरणाकाठच्या वस्त्यांवरच्या पुष्कळ लोकांची नावं मतदारयादीत नाहीत. ती घालायला मदत करायची आणि मत कसं द्यायचं ते दाखवायचं. "एकच अट आहे," सर म्हणाले. "कुठल्या पक्षाचं नाव घ्यायचं नाही, कुठल्या उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. हे जमणार असेल त्यांनीच हात वर करा." मी हात वर केला असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे जमिलानं माझं कोपर धरून तो वर केला होता.

दिवाळीची सुट्टी निवडण्यामागं कारण होतं. धरणाकाठच्या कातकरी वस्तीतली माणसं दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परतत. यादीवाले घरोघर फिरत तेव्हा नेमकी ही घरं रिकामी. म्हणून ते जायच्या आत आम्ही वस्ती गाठली. मुळशीपर्यंत एसटी आणि पुढं पाण्याच्या कडेनं कच्ची वाट, पायी. कुडाच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली घरं, दारात वाळत टाकलेली जाळी आणि आमच्यावर भुंकणारी कुत्री. सुरुवातीला कुणी बोलेचना. मी दाराबाहेर उभी राहून पुस्तकी मराठीत "मतदारयादीत आपलं नाव नोंदवायचं आहे का?" असं विचारत होते. शेवटी चांगुणा नावाची एक म्हातारी बाहेर आली. बारीक, काळीसावळी, हातावर गोंदण. म्हणाली, "कोनाची गं तू? जनगननावाली का देवीची लस टोचनारी?"

"भातगिरनीवाल्याची," मी म्हटलं. माझी पुस्तकी भाषा तिथल्या तिथं गळून पडली.

"मंग तसं बोल की. ये, बस."

त्यानंतर काम सोपं झालं. सोपं म्हणजे तसं नव्हेच. कुणाला वय माहीत नाही. चांगुणा म्हणाली, "धरान झालं तवा मी पाळन्यात व्हते," त्यावरून हिशेब केला. सुना नवऱ्याचं नाव तोंडातून काढेनात. जमिलानं त्यावर तोड काढली. ती त्यांच्या पोरांना जवळ घेऊन विचारायची, "तुज्या बापाला कोन हाक मारतं, कशी मारतं?" आणि पोरं ठणाठण नावं ओरडायची. सुना पदरात तोंड लपवून हसायच्या. आम्ही लिहून घ्यायचो.

मग मत द्यायचा सराव. तेव्हा कागदाची मतपत्रिका असे आणि चित्रापुढं शिक्का मारावा लागे. पुष्कळजण शिक्क्याऐवजी अंगठा उठवत आणि मत बाद होई. कागदाची घडी चुकीची घातली तर ओली शाई दुसऱ्याच चित्रावर उमटे. आम्ही बटाटा कापून त्याचा शिक्का केला होता आणि कोऱ्या कागदांवर मी चार चित्रं काढली होती. सरांनी बजावलं होतं, कुठल्याच पक्षाची नकोत, घरातल्या साध्या वस्तू काढ. मी जातं, पावसात पांघरायचं इरलं, कोंबडा आणि कंदील काढला.

सगळ्या वस्तीनं कंदिलावर शिक्के मारले. बाकीची चित्रं कोरीच राहिली. मला वाटलं, माझाच कंदील चांगला उठलाय. मी चांगुणाला विचारलं, तर ती म्हणाली, "त्या पान्याखाली आमच्या बापाची जिमीन हाय. त्या पान्यावर तिकडं मुंबईत दिवं लागत्यात. आमाला ह्योच." आणि कुडाला टांगलेल्या काळ्या काचेच्या कंदिलाकडं तिनं बोट केलं. मग एकदम म्हणाली, "आनि तुजं नाव कुटं हाय यादीत?"

मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. मी एकोणीस वर्षांची. तसं सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खोकला आला. "ऐका रं! आमाला शिकवाया आली आन् सोता बिनमताची!"

माणसं भट्ट्यांवर गेली. आम्ही इतर वस्त्यांवर, धनगरवाड्यावर, बाजाराच्या दिवशी पौडात असा सराव घेत राहिलो. चित्रं तीच. सगळीकडं थोड्याफार फरकानं कंदीलच पुढं. जमिलाच्या वडिलांच्या दुकानात तर लोक गमतीनं म्हणत, "काय तांबोळी, तुमच्या पोरीचा कंदील काय म्हनतोय?" आम्हालाही मजा वाटे.

उन्हाळ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमच्या मालकांचे पुतणे अपक्ष उभे राहिले. आणि चिन्हं वाटली तेव्हा त्यांच्या वाट्याला आला कंदील.

मला ती बातमी मालकांनीच दिली. मी एसटीतून उतरून अंगणात आले तर ते खुर्ची टाकून बसले होते. चेहरा खुललेला. "शालन, बाळ, तुझ्या पायगुणानं म्हणायचं हे. दिवाळीपासून तू जे केलंस ते पैसे देऊनही झालं नसतं."

मी म्हटलं, "पण मालक, मी तसं काही... ते नुसतं सरावाचं होतं."

"मला माहीत आहे. तू कुणाची नाहीस, सगळं गाव जाणतं. म्हणून तर त्याला किंमत." मग शांतपणे म्हणाले, "आता तू काही करायचं नाहीस. कुणाला मत द्या म्हणून सांगायचं नाहीस. दमलीस, थोडी विश्रांती घे. निवडणूक होईपर्यंत घरी राहा."

त्यांनी माझ्याकडं खोटं काही मागितलं नव्हतं. फक्त गप्प बसायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर विरुद्ध बाजूचा एक कार्यकर्ता सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्या पोरी मालकानंच पाठवल्या व्हत्या. दिवाळीपासनं पेरनी चाललीय." जमिला त्याच्याशी भांडली. मी एसटीच्या पायरीवर उभी राहून रडले. सरांकडं गेलो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुष्कळ वेळ पुसत राहिले. म्हणाले, "कंदिलाला मत देऊ नका असं तुम्ही जाऊन सांगितलंत तर तोही प्रचारच होईल. आणि गप्प राहिलात तरी होतोच आहे."

संध्याकाळी अण्णा जेवायला बसले. पहिला घास खाऊन म्हणाले, "मालक म्हनले, निवडनूक हुईस्तवर पोरीनं वस्त्या हिंडू नयेत."

आई तव्यावरची भाकरी उलटत होती. "मग तुमी काय म्हनला?"

"व्हय म्हनलो."

"तुमी व्हय म्हनला. तिला कुनी इचारलं?"

"ही खोली कुनाची हाय?" अण्णा म्हणाले. इतक्या हळू बोललेले अण्णा मी कधी ऐकले नव्हते.

आईनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. ती टम्म फुगली, तिची वाफ गेली. मग आई म्हणाली, "खोली मालकाची हाय. पोरगी कुनाची हाय?"

अण्णांनी ताटातलं सगळं संपवलं आणि हात धुऊन बाहेर गेले. सकाळी मी उठले तेव्हा आईनं फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून ठेवली होती, जमिलाची धरून. मी अंगणातून निघाले तेव्हा अण्णा इंजिनाचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत होते. त्यांनी मला पाहिलं. जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. पुन्हा पट्ट्याकडं वळले.

कातकरी माणसं नुकतीच भट्ट्यांवरून परतली होती. आम्हाला बघताच चांगुणा लांबूनच ओरडली, "आली गं कंदीलवाली! ध्यानात हाय आमच्या. कंदिलावर शिक्का, उबी घडी, मंग आडवी!" सगळी वस्ती मान डोलवत होती. त्या माणसांच्या लेखी मत देणं म्हणजेच कंदिलावर शिक्का मारणं. त्यात निवडायचं काही असतं, हे मी शिकवलंच नव्हतं. मी फक्त हात शिकवला होता.

एसटीत जमिलानं एक तोड सुचवली होती. तीच केली. आम्ही वस्तीला म्हटलं, आज खोटं नको, खरंच कुणाला तरी निवडू. वस्तीच्या झऱ्यावरून बायकांची रोज भांडणं होत. झऱ्याची राखण कुणी करायची ते ठरवायचं. चौघं उभे राहिले, त्यात चांगुणाही होती. प्रत्येकाला एक चित्र दिलं. चांगुणाला मासा, भिवा नावाच्या एका आळशी पण गोडबोल्या गड्याला खेकडा, बाकी दोघांना आणखी काही. शिक्के पडले, कागद मोजले. मासा निवडून आला. चांगुणानं कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडं बघून घेतलं.

मग जमिला म्हणाली, "आता पुन्हा. पण चित्रं बदलली. मासा भिवाचा, खेकडा चांगुणाबाईंचा." हे तिनं दोनदा मोठ्यानं सांगितलं. पुन्हा शिक्के पडले, आणि पुष्कळांच्या हाताला लागलेली सवय सुटली नाही. भिवा निवडून आला.

मग जो गलका उठला! चांगुणा तर उखडलीच. "ह्यो? ह्यो झरा राखनार? ह्याला सोताचं आंग धुवाया बायकू ढकलती!" भिवा म्हणाला, "आता तुमीच निवडलंय, मावशे. उद्यापास्नं माज्या परवानगीबिगार हांडा भरायचा न्हाई." बायका त्याच्यावर धावून गेल्या. पोरं नाचायला लागली. त्या गोंधळात चांगुणा मात्र खाली बसली. तिनं तो कागद उचलला, मांडीवर ठेवला आणि माशाच्या चित्रावर बोट फिरवत राहिली.

"म्हंजी चित्र कुनाचंच नसतंय," ती म्हणाली. "त्याच्या मागं मानूस असतोय."

"व्हय."

"मंग त्या कंदिलाच्या मागं कोन हाय?"

मला नाव माहीत होतं. ज्यांच्या खोलीत मी झोपत होते त्यांच्या घरातलं नाव. चांगुणा माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "ते मी सांगायचं न्हाई. आता तुमची नावं यादीत हायेत. मतं मागाया ते येतीलच. त्यांनाच इचारा."

"आजवर तर कोन आलं न्हाई हितं."

"येतील," मी म्हटलं. माझी तरी कुठं खात्री होती?

पण आले. त्या वस्तीवर त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जीप आली, आणि मग आणखी दोन वेगवेगळ्या बाजूंच्या आल्या. मालकांचे पुतणेही गेले. तिथं काय झालं ते जमिलाच्या वडिलांच्या दुकानात आठवडाभर चघळलं जात होतं. चांगुणानं त्यांना घोंगडीवर बसवलं, काळा चहा दिला आणि विचारलं, "कंदील आमच्याकडं बक्कळ हायेत, सायेब. ते इजवाया कवा येनार ते बोला." वस्तीवर वीज यायला पुढं पुष्कळ वर्षं गेली. चांगुणानं ती पाहिली नाही. पण तो प्रश्न तिनं येईल त्या प्रत्येक जीपला विचारला, एवढं खरं.

हे मालकांच्या कानावर गेलं. अंगणात समोरासमोर आलो की ते वर्तमानपत्र वर धरायचे.

मतदानाच्या सकाळी आमच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन थांबली. दर निवडणुकीला येई. मतदान असे ती शाळा हाकेच्या अंतरावर, पण गिरणीचे गडी, त्यांच्या बायका, सगळे मालकांच्या ट्रॉलीतूनच जात. वाटेत मालकांचे दिवाणजी कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते सांगत. अण्णांनी आणि आईनं आजवर दिलेली सगळी मतं अशीच दिलेली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आम्हालाही वाटलं नव्हतं. मी लहान असताना त्या ट्रॉलीत बसायला मिळावं म्हणून रडले आहे.

दिवाणजींनी हाक मारली, "चला हो, चढा! ऊन व्हायच्या आत उरकू."

अण्णा बाहेर आले. धुतलेली टोपी, पांढरा सदरा. मागून आई, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. अण्णा ट्रॉलीपाशी गेले, तिच्या फळीवर हात ठेवला. मला वाटलं, चढणार. मी दुसरीकडं बघितलं. त्यांनी चढू नये असं म्हणायचा मला हक्क नव्हता.

"तुमी व्हा म्होरं," अण्णा म्हणाले. "आमी चालत येतो."

"आरं, ट्रॉली रिकामी हाय की! चालत कशापायी?"

"पाय मोकळं हुत्यात."

दिवाणजींचा आवाज उतरला. "मालक इचारतील मला."

"इचारलं तर सांगा. चालत गेला म्हनून."

ट्रॉली गेली. तिची धूळ खाली बसेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली. मग अण्णा पुढं आणि आई चार पावलं मागं, अशी ती शाळेकडं निघाली. मी त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले. आत जायची मला परवानगी नव्हती. अण्णा आत गेले आणि मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा बोटावरची शाई वाळावी म्हणून हात लांब धरला होता, आणि ते त्या बोटाकडं बघत चालत होते.

मालकांचे पुतणे थोडक्यात पडले. मालकांनी अण्णांना ओरडून काही म्हटलं नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा इतकंच सांगितलं, आता काम कमी होईल, दुसरीकडं कुठं बघता आलं तर बघा. अण्णांनी व्हय म्हटलं. पौडात जमिलाच्या वडिलांनी दुकानामागची एक खोली भाड्यानं मिळवून दिली. मुठा गावाच्या वाटेवर एका गिरणीत अण्णांना काम मिळालं. सायकलनं जात, भिजून येत. मला वाटत राहिलं की हे सगळं माझ्यामुळं झालं. एकदा तसं म्हटलंही. आई म्हणाली, "तुज्यामुळं कसं? ट्रॉलीत तू चढनार व्हतीस का?"

आईची तक्रार वेगळीच होती, आणि ती तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. अण्णांनी त्या दिवशी मत कुणाला दिलं, ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. पुढं माझं लग्न झालं, नोकरी लागली, अण्णा थकले, कान गेले, तरी जेवताना ती मधूनच विचारायची. "कंदिलाला दिलं का? मालकाचं मीठ खाल्लं म्हनून?" अण्णा कण्यांचा भात कालवत राहायचे. एकदा मी माहेरी गेले असताना तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "आता तरी सांगा! कोन येतंय तुमाला घराबाहीर काडाया?"

अण्णा हसले. म्हणाले, "तुला सांगितलं, तर मग ते माज्या एकट्याचं कुटं ऱ्हायलं?"

आईनं त्यांच्या ताटात आणखी एक पळी भात वाढला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ती म्हणाली. "जेवा."